वाडीचं पाणी आणि आमचं गणित

संख्याशास्त्राची पदवी घेतलेली वसईजवळच्या नंदाखालची मुलगी शिक्षिका होणार, फार तर बँकेत चिकटणार, असं गावात सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. मला नोकरी लागली ती मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत, हवामान आणि पिकं यांचा मेळ घालणाऱ्या विभागात. सत्तरचं दशक सरत आलं होतं. रविवारी मिस्सा संपल्यावर देवळाच्या आवारात बायका आईला विचारायच्या, "पोरगी काय करते?" आमच्या गावात चर्चला देऊळच म्हणतात. आई थोडा विचार करून सांगायची, "पावसाच्या ऑफिसात असते." त्यावर कुणीतरी हमखास म्हणायचं, "मग आम्हालाही आधी सांगत जा, भाताचे भारे आत घेऊ." आई हसायची, पण घरी आल्यावर मला विचारायची, की खरंच, तू करतेस तरी काय?

काय करत होते ते तिला समजावणं अवघड होतं. आमचे सर देशावरचे. कोरडवाहू ज्वारीच्या पट्ट्यात त्यांचं बालपण गेलं होतं आणि दुष्काळात गावंच्या गावं खडी फोडायला गेलेली त्यांनी पाहिली होती. त्यांच्या डोक्यात एकच ध्यास होता. पाऊस, ऊन, वारा, जमिनीतला ओलावा यांचे आकडे एकत्र करून पिकाला पुढे किती पाणी लागेल आणि उतारा किती येईल, हे आधी सांगता आलं पाहिजे. ते म्हणायचे, "धान्य संपल्यावर धान्य पाठवणं हे काय शहाणपण झालं? संपणार आहे हे पेरतानाच कळलं पाहिजे." याला आम्ही मॉडेल म्हणायचो. आमच्याकडे संगणक नव्हता. आकडे जाड कागदाच्या कार्डांवर भोकं पाडून भरायचे, ती कार्डं खोक्यात रचायची आणि टॅक्सीत घालून दुसऱ्या संस्थेत न्यायची. तिथल्या थंडगार खोलीत ते यंत्र होतं. एक भोक चुकलं तरी सगळं खोकं परत यायचं. भोकं पाडायचं आणि तपासायचं काम माझ्याकडे होतं. हळूहळू गणित मांडायचं कामही माझ्याकडे आलं.

किनाऱ्यावरच्या बागायतीचे आकडे कुणाकडेच नव्हते. तेव्हा मी सरांना म्हटलं, आमची केळी-पानांची वाडी आहे, हवं तर या बघायला.

ते आले तो दिवस मला लख्ख आठवतो, कारण बाबांनी त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि पायात मात्र काही नव्हतं. वाडीत ते कधीच चप्पल घालून जात नसत. पुढे बाबा, मागे सर, त्यांच्या मागे मी. राजेळी केळींच्या रांगा, त्यापलीकडे पानवेलींचा मळा, कडेने नारळ, आणि मधोमध आमचं बावखल. बावखल म्हणजे वाडीतलं खोदलेलं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं आणि शेजारच्या विहिरीला वर्षभर पुरतं. आमच्या पट्ट्यात समुद्र हाकेवर. राजोडीच्या किनाऱ्यावरच्या लाटांचा आवाज पावसाळ्यात घरात येतो. पण आमच्या विहिरीचं पाणी गोड. खाली खारं पाणी असतं आणि त्यावर पावसाचं गोड पाणी तरंगत राहतं, असं बाबा सांगत होते. सर बावखलाच्या काठावर बसले, ओंजळीत पाणी घेतलं आणि प्यायले. "इतकं पाणी," ते म्हणाले, "आणि तुम्ही शेतकरी म्हणवता? तुम्ही तर राजे आहात." बाबा इतके खूश झाले की सुकेळ्यांचा, म्हणजे उन्हात वाळवलेल्या राजेळी केळ्यांचा, अख्खा पुडा त्यांनी सरांच्या पिशवीत टाकला.

पंधरवड्यानंतर आमच्या अंगणापलीकडच्या मोकळ्या जागेत पर्जन्यमापक बसला आणि त्याच्या शेजारी बाष्पीभवन मोजायचं मोठं गोल पत्र्याचं थाळं. त्यात पाणी भरून ठेवायचं आणि रोज सकाळी किती कमी झालं ते बघायचं. कावळे पाणी पितात म्हणून वर जाळी. शेजारच्या काकांनी विचारलं, "हे काय, लग्नाचं जेवण शिजवणार का यात?" हे काका म्हणजे बाबांचे चुलत भाऊ. त्यांची वाडी आमच्या वाडीला लागून, मध्ये फक्त जास्वंदीचं कुंपण. मला सकाळची गाडी असायची, त्यामुळे थाळ्यातलं पाणी बाबाच मोजायचे. संध्याकाळी मी दारात पाय ठेवायच्या आत ते आकडा सांगायचे. आमच्या घरची बोली वेगळी, ती इथे लिहिली तर वाचणाऱ्याला अडखळायला होईल, म्हणून साध्या मराठीत लिहिते. पण त्यांचा तो आकडा सांगायचा स्वर मला बोलीतच ऐकू येतो.

दुसऱ्या हिवाळ्यात एक गोष्ट झाली. मॉडेलचं उत्तर असं आलं की केळीला आपण देतो तितकं पाणी थंडीत लागतच नाही. पाण्याच्या पाळ्या लांबवल्या तरी चालेल. मी भीत भीत बाबांना सांगितलं. चाळीस वर्षं वाडी केलेल्या माणसाला आपण काय सांगतोय, असं मला वाटत होतं. पण बाबांना राग आला नाही. ते म्हणाले, "अर्ध्या वाडीत करून बघू. बिघडलं तर अर्धीच बिघडेल." त्यांनी तसं केलं. घड तसेच भरले. दोन्हीकडचे घड त्यांनी स्वतः तोलले आणि मग मला बोलावून म्हणाले, "बाय, तुझं यंत्र खोटं नाही बोलत." त्यानंतर ते ज्याला त्याला सांगत सुटले. आगाशीच्या बाजारात, देवळात, कुणाच्या मयतीलासुद्धा. काही लोक घरी येऊन विचारू लागले, आमच्या वाडीचं सांगते का? मला त्या दिवसांत वाटायचं, हे काम माझ्या हातून व्हावं म्हणूनच मी शिकले. तसं पुन्हा कधी वाटलं नाही.

त्याच सुमारास रेल्वेच्या बाजूला इमारती उठू लागल्या. नालासोपारा, आचोळे, वसई रोड, जिकडे बघावं तिकडे बांबूच्या परांच्या आणि सिमेंट. मुंबईत जागा न मिळालेले लोक तिथे राहायला येऊ लागले. त्यांना नळ नव्हते. बांधकामालाही पाणी लागायचं. आणि गोड पाणी होतं ते आमच्या पट्ट्यात. आधी एखादा टँकर दिसायचा. मग रोज दिसू लागले. ते विहिरीला मोठा पाइप लावायचे, पंप तासन् तास चालायचा आणि भरलेला टँकर रस्त्यावर पाणी सांडत निघून जायचा. काकांच्या वाडीतही येऊ लागले. काकांच्या केळींवर आदल्या वर्षी पर्णगुच्छाचा रोग पडला होता. पानं वरच्या वर आखडून झुपका व्हायचा, घड यायचाच नाही. त्यांनी सगळ्या केळी उपटून जाळल्या. दोन्ही मुलगे कंपनीत लागलेले, वाडीत पुन्हा उभं राहायला कुणी नव्हतं. विहीर तेवढी शिल्लक होती.

मला हे सगळं दिसत होतं, पण गणितात ते येईल असं सुचलं नव्हतं. ते आलं ते उलट्या बाजूने. सरांनी मॉडेलमध्ये विहिरीची पातळी घेतली होती. पाऊस किती पडला, पिकाने किती ओढलं, यावरून पातळी किती असायला हवी ते निघायचं. आमच्या विहिरीत बाबा दोरी सोडून पाणी मोजायचे, तर ते दर वेळी गणितापेक्षा खाली. सरांना वाटलं, मोजण्यात चूक आहे. मी म्हटलं, "सर, बाबांची चूक नाही. शेजारून पाणी विकलं जातंय."

"किती?"

"ते कुणीच मोजत नाही."

सर खिडकीजवळ जाऊन उभे राहिले. आमच्या मॉडेलमध्ये ऊन होतं, वारा होता, मातीचे थर होते, पानांचा पसारा होता. माणूस पाणी काढून घेऊन जातो आणि ते परत येत नाही, याला त्यात जागाच नव्हती. "जागा करू या," ते म्हणाले.

त्या वर्षी पाऊस लवकर उठला. गणपतीनंतर नीट सर आलीच नाही. आम्ही दोघांनी मिळून त्या किनारपट्टीचं नवं गणित मांडलं. टँकर मोजायला मी दोन रविवार आमच्या नाक्यावर बसले. येणारे-जाणारे विचारायचे, इथे का बसलीस, तर मी म्हणायचे, बसची वाट बघतेय. क्षार मोजायचं एक छोटं यंत्र सरांनी कुठूनसं मिळवलं. ते घेऊन आम्ही विहिरी-विहिरी फिरलो. मग कार्डं, खोकं, टॅक्सी, ती थंड खोली.

उत्तर लांबलचक कागदावर छापून आलं. सरांनी ते टेबलावर पसरलं आणि आम्ही दोघे शेजारी उभे राहून वाचत गेलो. पाणी असंच उपसलं गेलं तर पाऊस लागायच्या खूप आधी, म्हणजे उपासकाळ संपून ईस्टर येईल त्या सुमाराला, आमच्या पट्ट्यातल्या बहुतेक विहिरींत खारं पाणी वर येईल. आधी पानवेली जातील, मग केळी.

"आता वेगवेगळं चालवून बघू," सर म्हणाले. सगळ्यांनी उपसा निम्मा केला तर काय? मे महिना निभावतो. टँकर पूर्ण बंद झाले तर काय? काहीच होत नाही, पाणी गोडच राहतं. मग मी कार्डांचा एक संच सरांना न सांगता तयार केला. त्यात आमच्या वाडीचा उपसा शून्य धरला. फक्त आमचा. बाबांनी एक थेंबही काढला नाही असं समजून. बाकी सगळं जसंच्या तसं.

विहीर खारी व्हायची वेळ जेमतेम आठवडाभराने पुढे गेली.

मी कार्डं पुन्हा तपासली. भोकं बरोबर होती.

त्या रविवारी जेवण झाल्यावर बाबांना सगळं सांगितलं. ते ओट्यावर बसले होते, मी पायरीवर. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी त्यांनी विचारलं, "आपण पाणी कमी काढलं तर?"

"आपल्या एकट्याने काही होत नाही, बाबा. ते मी बघितलं."

"बघितलंस म्हणजे?"

"यंत्रावर घालून बघितलं. आपण अजिबात काढलं नाही तरी येणार."

ते पानमळ्याकडे वळले. मग म्हणाले, "मग तू मला हे कशाला सांगितलंस?"

रागाने नाही म्हणाले. खरोखर विचारत होते. आजही मला त्या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. कळलं तर माणूस काहीतरी करेल, या विश्वासावर आमचं सगळं काम उभं होतं. करण्यासारखं हातात काहीच नसलं तर कळण्याचं काय करायचं, हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं.

मी काकांकडे गेले. काकू बाहेर सुपारी फोडत बसली होती, तिने मला चहा दिला. काकांनीही ऐकून घेतलं. माझं शिक्षण, माझी नोकरी यांचं त्यांना कौतुक होतं. लहानपणी मला खांद्यावर घेऊन तेच जत्रेला न्यायचे. ते म्हणाले, "बाय, तू म्हणतेस ते खरं असेल. तुझ्या बापाने मला तुझं यंत्र सांगितलंय. पण मी पाइप काढला तर टँकर परत जाईल का? तो पुढच्या वाडीत शिरेल. पाणी खालून एकच आहे. मग ते खारं होईपर्यंत मी का बसून राहू?"

"सगळ्यांनी मिळून थांबवलं तर?"

"तू सगळ्यांना थांबव. सगळे थांबले की सर्वांत आधी मी थांबतो. देवाशपथ."

काकू म्हणाली, "चहा गार होतोय गं."

मग आम्ही सगळ्यांना सांगायचं ठरवलं. फादरांनी देवळाशेजारच्या सभागृहात मिस्सेनंतर बैठक बोलावली. शेजारच्या हिंदू वाड्यांमधली माणसंही आली, कारण पाणी त्यांचंही तेच होतं. सभागृह भरलं. बायका भिंतीला लागून उभ्या होत्या. सरांनी फळ्यावर समुद्र काढला, जमीन काढली, खाली खारं पाणी, वर गोड पाणी. मी आमच्या भाषेत समजावून सांगितलं. बोलीतच बोलले, कारण एवढ्या ओळखीच्या चेहऱ्यांसमोर शुद्ध मराठी तोंडातून निघेना. लोक इतक्या शांतपणे ऐकत होते की बाहेर कोंबड्यांचा आवाज येत होता. कुणी खोटं म्हटलं नाही. कुणी हसलं नाही. मी मनात म्हटलं, पटलंय यांना.

एक म्हातारे उठले. पूर्वी ते सरपंच होते. त्यांनी विचारलं, "साहेब, हे सगळं मान्य. करायचं काय?"

सर म्हणाले, "उपसा निम्म्यावर आणायचा. टँकरला पाणी द्यायचं नाही. पानवेलीऐवजी कमी पाण्याचं काहीतरी घ्यायचं. बावखलं बुजवली जाताहेत, ती जपायची, म्हणजे पुढच्या पावसात पाणी मुरेल."

"आणि जो ऐकणार नाही त्याला?"

सर माझ्याकडे बघू लागले. मी फादरांकडे बघितलं. फादर म्हणाले, "आपण सगळे एका गावचे आहोत." यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. मागून एका बाईने विचारलं, "प्यायला तरी राहील ना पाणी?" सरांनी खरं तेच सांगितलं, की खात्री देता येत नाही. ती बाई पदर तोंडाला लावून खाली बसली.

बैठकीत एकमताने ठरलं की टँकर बंद. पुढचा आठवडा रस्ता खरंच शांत होता. मला तर वाटलं, जमलं. पण आचोळ्याकडच्या इमारतींत माणसं राहायला आलेली होती, त्यांच्याही घरी पोरंबाळं होती, त्यांनाही तहान होती. ठेकेदार पुन्हा आले. गावाच्या कडेच्या कुणीतरी दिलं. मग शेजाऱ्याने दिलं, कारण कडेवाल्याने दिलं. महिना संपायच्या आत सगळं पहिल्यासारखं. काकांचा पंप शेवटी शेवटी सुरू झाला, हे मात्र मी सांगितलंच पाहिजे. त्यांनी वाट बघितली होती.

सरांनी सरकारी कार्यालयांत खेटे घातले. मीही दोनदा सोबत गेले. एका साहेबांनी कागद नीट वाचला, दोन चांगले प्रश्न विचारले आणि म्हणाले, "तुमचं मॉडेल एकाच हंगामाचं आहे. खरं ठरलं की या, मग काहीतरी करता येईल." सर जिना उतरताना म्हणाले, "खरं ठरलं की या." तेवढंच. 

आमच्या घरी ते सर्वांत आधी आईला कळलं. डाळ शिजेना. तिने डाळ बदलली, रॉकेल जास्त जाळलं, तरी दाणा तसाच टणक. मग एक दिवस तिने पाणी तोंडात घेतलं, थोडा वेळ धरलं आणि मोरीत थुंकलं.  दुसऱ्या दिवसापासून डाळीपुरतं पाणी ती देवळाच्या विहिरीवरून कळशीने आणू लागली.

बाबांनी रोज सकाळी विहिरीचं पाणी चाखायला सुरुवात केली. मी गाडीला निघताना ते काठावर उभे दिसायचे. मागे वळून सांगायचे, "आज बरं आहे." ते बरं नव्हतं. क्षाराचं यंत्र माझ्या पिशवीत होतं. ते मी कधीच त्यांच्यासमोर काढलं नाही.

पानवेली आधी पिवळ्या पडल्या. पानांची चव गेली, मग पानंच गळू लागली, शेवटी नुसते सुकलेले वेल आधाराला लटकत राहिले. मग राजेळीची पानं कडेने करपू लागली. आधी कड तपकिरी व्हायची, मग ती तपकिरी पट्टी रोज थोडी आत सरकायची. बाबा करपलेला भाग कोयत्याने कापून टाकायचे, जणू तेवढा कापला की उरलेलं पान वाचेल. मी त्यांना म्हणायचे, बाबा, कापून काही होणार नाही. ते म्हणायचे, "ठाऊक आहे गं." आणि कापत राहायचे. नव्या पोग्यांतून, म्हणजे शेंड्याच्या कोंबांतून, घड आले तेही बोटभर होऊन थांबले. त्या वर्षी सुकेळी करायला केळीच नव्हती. आईने ती वाळवायचा मांडव घातला नाही.

ऑफिसात मात्र सगळे माझी वाट बघत होते. दर आठवड्याचे क्षाराचे आकडे मी नेऊन देत होते, आणि ते मॉडेलच्या रेषेवर एकेक करून ठिपक्यांनी मांडले जात होते. एका सकाळी मी पोचले तर सगळे सरांच्या टेबलाभोवती जमलेले. ठिपके रेषेवर बसले होते. जवळजवळ सगळे. आमच्या विभागात इतकं जुळलेलं गणित कुणी पाहिलं नव्हतं. कुणीतरी पेढे आणले होते. एकाने माझा हात धरून जोरात हलवला. सरांचा चेहरा उजळला होता. त्यांनी आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते त्यांच्यासमोर कागदावर होतं. ते मला म्हणाले, "बघा, बघा हे! आता कोण म्हणेल एकाच हंगामाचं आहे म्हणून?"

मी बघितलं. फार सुंदर रेषा होती. डिसेंबरात सपाट, मग हळूच वर चढत जाणारी, आणि मार्चच्या पुढे एकदम उभी. तिच्यावरचा शेवटचा ठिपका आमच्या विहिरीचा होता. मी पेढा हातात धरून उभी राहिले. तो खाल्ला की ठेवला, आठवत नाही. सरांचं लक्ष माझ्याकडे गेलं आणि त्यांचं हसू मावळलं. ते खुर्चीत बसले आणि कागदाची सुरळी करू लागले. "माफ करा," ते म्हणाले. "मी विसरलोच, की हे तुमचं..."  मी म्हटलं, "नाही सर, बरोबर आलंय." आणि खरंच ते बरोबर आलं होतं. त्यात मी महिने घातले होते. त्याचा आनंद मलाही कुठेतरी झाला होता, आणि तो आनंद कुठे ठेवायचा ते मला कळत नव्हतं.

सर पुन्हा त्या साहेबांकडे गेले. त्यांची बदली झाली होती. नव्या साहेबांनी सांगितलं, आता तर विहिरी खाऱ्या झाल्याच आहेत, मग मॉडेलचा उपयोग काय? मराठवाड्यात करून बघा, तिकडे गरज आहे. आमचा प्रकल्प पुढे तिकडेच गेला. तिथे ज्वारीसाठी तो कामी आला, असं मी ऐकते. कोणत्या आठवड्यात पेरलं तर पावसाच्या पहिल्या ओढीत पीक टिकेल, हे लोकांना आधी सांगता आलं. माझा त्यावर विश्वास आहे. तिथे पेरणारा माणूस स्वतःच्या हाताने पेरणी पुढे-मागे करू शकत होता.

त्या जूनमध्ये पाऊस चांगला लागला. बावखल काठोकाठ भरलं. वरचं पाणी पुन्हा गोड झालं, थोड्या दिवसांपुरतं. बाबांनी मेलेल्या केळींचे गड्डे खणून काढले. जागा साफ केली. मग एका संध्याकाळी, पावसाची उघडीप होती, ते मला वाडीत घेऊन गेले.

"यंदा कधीपर्यंत राहील?" त्यांनी विचारलं.

मी आकडे काढलेले होते. त्यांनी विचारू नये असं मला फार वाटत होतं. "टँकर असेच चालले तर जानेवारी," मी म्हटलं. "गेल्या वेळेपेक्षा लवकर. खालचं खारं पाणी पुरतं मागे हटलेलं नाही."

"म्हणजे राजेळी नाही होणार."

"नाही, बाबा. तिला वर्ष लागतं."

"पानवेल?"

मी नकारार्थी मान हलवली.

ते मोकळ्या जमिनीवर इकडून तिकडे चालले. ओली माती पायाच्या बोटांमधून वर येत होती. मग म्हणाले, "जानेवारीच्या आत हाताला येईल असं काय? वाल? मुळा? वांगी होतील?"

"होतील," मी म्हटलं. "वांगी होतील."

त्यांनी वांगी लावली. आगाशीच्या बाजारात ती दोन-तीन महिने गेली. त्याच्या पुढच्या वर्षी फक्त मुळा. काकांच्या विहिरीकडे यायचं टँकरने कधीच सोडून दिलं होतं, आता ते पूर्वेला डोंगराच्या बाजूला जात होते. दुपारी काका कुंपण ओलांडून आमच्या ओट्यावर येऊन बसायचे. दोघे भाऊ भांडले नाहीत. पाण्यावरून कधी एक शब्द झाला नाही. भाताच्या भावाबद्दल, फादरांच्या बदलीबद्दल, कुणाच्या गुडघ्याबद्दल बोलत बसायचे. मी सुट्टीच्या दिवशी घरी असले की बाबा अधूनमधून मला विचारायचे, यंदा कधीपर्यंत? आणि मी सांगायचे. दर वर्षी थोडं अलीकडचं.

मग एका वर्षी त्यांनी विचारलं नाही. मी आकडे काढून ठेवले होते. जून गेला, जुलै गेला, मी वाट पाहिली. वाडीत त्यांनी काहीच लावलं नव्हतं, नारळ तेवढे उभे होते. शेवटी मीच म्हटलं, "बाबा, यंदाचं सांगू का?"

ते चष्मा पुसत होते. "नको," ते म्हणाले, "तुझ्याकडेच राहू दे." आणि मग, मला वाईट वाटू नये म्हणून असेल, त्यांनी ऑफिसातल्या सरांची तब्येत विचारली.